सायकलवाली बाई आली नाही

माझ्या सायकलच्या ब्लॉगला पाच वर्षं होत होती आणि वाढदिवसाच्या नावाखाली मी सापळा लावत होते. ब्लॉगवर मी अगदी गोड भाषेत लिहिलं, 'येत्या रविवारी सकाळी सात वाजता निर्मळच्या तळ्याकाठी, देवळाच्या पायऱ्यांजवळ भेटू. इतकी वर्षं वाचलंत, आता एकदा तोंडओळख होऊ दे. केक आहे आणि आगाशीची सुकेळीही आहेत.' वाळवलेल्या केळ्यांचं आमिष आमच्या भागात कुणालाही पुरतं. पण मला केक कापण्यात काडीचा रस नव्हता. मला एका माणसाचा चेहरा बघायचा होता.

मी विरार पश्चिमेला राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. नवरा मुंबईत नोकरीला. मुलगी शिकायला बंगलोरला गेली तेव्हा तिची निळी सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. एका रविवारी मी ती पुसली, हवा भरली आणि बोळिंजवरून आगाशीपर्यंत जाऊन आले. शेचाळिसाव्या वर्षी. संध्याकाळी त्यावर चार ओळी लिहिल्या, मुलीने फोनवरून मला ब्लॉग उघडून दिला, आणि तेव्हापासून नेमच झाला. सकाळी विरार, आगाशी, निर्मळ अशी फेरी आणि संध्याकाळी त्यावर लिखाण. काय काय दिसलं, कुठल्या वाडीत मोगरा फुलला, कुठला रस्ता पुन्हा खणला. वाचणारे जेमतेम चाळीसभर असतील. पण एकही रविवार चुकवला नव्हता आणि त्याचा मला फार अभिमान होता. वर्गातसुद्धा सांगायचे, 'सातत्य असावं लागतं.'

मग एका रविवारी बोळिंजच्या पुढे एक पाण्याचा टँकर माझ्या इतक्या जवळून गेला, की हँडलचं टोक त्याच्या पत्र्याला घासलं. मी डावीकडच्या गवतात पडले. खरचटलंसुद्धा नाही. रस्त्याकडेला भाजी मांडत असलेल्या एका बाईने पाणी दिलं, म्हणाली, 'बसा जरा.' मी बसले ती अर्धा तास उठलेच नाही. शेवटी सायकल हातात धरून चालत घरी आले. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता, 'या रस्त्यांवर सायकल चालवायचं वय आहे का तुझं?' ब्लॉगवरही लिहिलं नाही.

पुढच्या रविवारी पहाटे हेल्मेट चढवून खाली उतरले. पण मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आले आणि पाय पेडलवर जाईना. मागून येणारी रिक्षासुद्धा टँकरएवढी वाटायला लागली. मी वळले, सोसायटीजवळच्या तलावावर गेले आणि दीड तास बाकावर बसून राहिले. घरी आल्यावर नवऱ्याने नेहमीसारखं विचारलं, 'कसा होता रस्ता?' मी म्हटलं, 'मस्त.' संध्याकाळी ब्लॉग उघडून बसले आणि न केलेली फेरी लिहून काढली. भूगोलाच्या बाईला ओळखीचा रस्ता घरबसल्या लिहिणं अवघड नव्हतं. फोटो जुने होतेच.

वाटलं होतं, एकदाच. असे चौदा रविवार गेले.

पाचव्या की सहाव्या खोट्या फेरीखाली ती पहिली प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी 'अनामित'. लिहिलं होतं, 'आज आपण आगाशीहून निर्मळला किती वाजता गेलात?' मला बरं वाटलं, कुणीतरी बारकाईने वाचतंय. मी उत्तर दिलं, 'साधारण पावणेसातला.' दहा मिनिटांनी खाली एकच शब्द उमटला, 'नक्की?'

मी लिहिलं, 'हो, नक्की.' आणि लॅपटॉप फटकन मिटला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. 'सायकल तीच आहे ना? निळी?' आता सायकलचा रंग मी कधी लिहिला नव्हता. फोटोतही फक्त रस्ता, झाडं, वाटेवरचे क्रूस असायचे. मी सगळे जुने लेख उपसले. एका फोटोत हँडलचा काळा रबर दिसत होता, तेवढंच. म्हणजे या माणसाने मला प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. मी उत्तर लिहिलं, 'हो, तीच. का विचारताय?' त्यावर काही आलं नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारी, 'हल्ली हेल्मेटऐवजी टोपी घालता का?'

तेव्हापासून मी माणसं मोजायला लागले. कोणाकोणाला माहीत असू शकतं? पहिला संशय सोसायटीच्या सेक्रेटरींवर. ते रोज तलावावर चालायला जायचे आणि एकदा मला बाकावर बसलेलं पाहून म्हणाले होते, 'काय मॅडम, आज पंक्चर?' दुसरा शाळेतल्या पीटीच्या सरांवर. ते स्वतः सायकल चालवायचे आणि स्टाफरूममध्ये माझ्या ब्लॉगवर कायम काहीतरी टोमणा मारायचे. तिसरा संशय लिहायला आजही लाज वाटते. एकदा नवरा अंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन उघडून पाहिला. ब्लॉग त्याने कित्येक महिन्यांत उघडलासुद्धा नव्हता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट रागच आला.

सरांसाठी मी वेगळी युक्ती केली. मधल्या सुट्टीत मुद्दाम म्हटलं, 'सर, या रविवारी नायगावकडे जाणार आहे. जूचंद्रला. निर्मळचा रस्ता पाठ झाला आता.'

'जूचंद्रला काय आहे?' सर डब्यातून मान वर न करता म्हणाले. 'नुसत्या इमारती उभ्या राहतायत.'

हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही. शनिवारी रात्रीपर्यंत प्रतिक्रियांकडे डोळे लावून बसले. काही नाही. म्हणून मग मी ब्लॉगवरच लिहिलं, 'उद्या जूचंद्र.' तासाभरात अनामिताचं उत्तर हजर. 'म्हणजे उद्या निर्मळला येणार नाही ना? बरं झालं सांगितलंत.'

बरं झालं सांगितलंत! त्या वाक्याने मला झोप आली नाही. कुणीतरी त्या रस्त्यावर माझी वाट पाहत उभं राहतं, आणि मी येत नाही हे त्याला माहीत आहे, आणि तरीही तो मला उघडं पाडत नाही. काय हवं होतं त्याला? मला वाटलं, हा माणूस पुरावे गोळा करतोय आणि एक दिवस सगळ्यांसमोर मांडणार. शाळेत, सोसायटीत. पाचवा वाढदिवस जवळ आला तसं मला वाटायला लागलं, की तो त्याच दिवशी मांडेल. त्याच्या आधी मीच त्याला समोर आणायचं ठरवलं. जो माझ्याबद्दल इतकं विचारतो, तो केक खायला आल्याशिवाय राहणार नाही असा माझा हिशेब होता.

एक गोष्ट मात्र मी विसरले होते. निर्मळला बोलावलं म्हणजे मलाही निर्मळला सायकलवरून जावं लागणार होतं.

त्या सकाळी केक नवऱ्याच्या स्कूटरवर दिला. तो म्हणाला, 'मी पुढे जातो, तू ये निवांत.' मी म्हटलं, 'नको, माझ्या मागेच ये.' त्याने चमकून पाहिलं. पाच वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. बोळिंजपर्यंत मी हँडल इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली. मागून मोठी गाडी आली की मी थांबायचे, उतरायचे, ती गेली की पुन्हा चढायचे. मागे स्कूटर थांबायची. त्याने काही विचारलं नाही. आगाशीचा बाजार ओलांडून वाड्यांचा रस्ता लागला, तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला. दोन्हीकडे केळी, कुंपणावर जास्वंद, दुधाच्या किटल्या अडकवलेले एक गृहस्थ समोरून सायकलवर. काहीच बदललं नव्हतं.

तळ्याकाठी सहाजण आले होते. वसईहून एक निवृत्त जोडपं, शाळेतल्या दोन शिक्षिका, पीटीचे सर आणि नालासोपाऱ्याहून आलेला एक चष्मेवाला तरुण. या तरुणाला माझे लेख तारीखवार पाठ होते. 'मॅडम, तुम्ही ते पानवेलीच्या मांडवाबद्दल लिहिलं होतं ना, तो कुठे आहे?' तो मांडव मी खोट्या फेरीत घातला होता, तीन वर्षांपूर्वीच्या आठवणीतून.

मी त्याला बाजूला घेतलं. 'तुम्ही प्रतिक्रिया कुठल्या नावाने लिहिता?'

'माझ्याच नावाने. का?'

'आणि नाव न लिहिता?'

'मॅडम, मला लपून लिहायची काय गरज?' त्याचा चेहरा उतरला. 'काही चुकलं का माझं?'

मी 'नाही, नाही' म्हणत राहिले, पण तो पुढे केक होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पीटीचे सर हे सगळं लांबून बघत होते. त्यांनी माझ्यासाठी सायकलला लावायचा मागचा लाल दिवा भेट आणला होता. नव्या कोऱ्या खोक्यात, वर रिबीन. माझ्या संशयांची यादी माझ्याच डोळ्यांसमोर पुसली जात होती आणि माझी चिडचिड वाढत होती.

केक कापून झाला होता तेव्हा एक स्कूटर येऊन थांबली. पस्तिशीची एक बाई उतरली, चर्चला जाण्याचा असतो तसा चांगला ड्रेस, केस ओले. तिने आमच्या घोळक्यावरून नजर फिरवली, मग माझ्या सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'ब्लॉग लिहिता त्या तुम्हीच ना?'

'हो.'

'मीच विचारायची तुम्हाला. किती वाजता गेलात, सायकल निळी का, ते.'

इतके दिवस मी या क्षणासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. सगळी एखाद्या खवचट माणसासाठी. ती रागावलेली नव्हती. दमलेली दिसत होती.

'टीचर, दोन मिनिटं घरी याल?' ती म्हणाली. 'इथेच आहे, आगाशीच्या वाटेला. माझ्या सासऱ्यांना भेटा फक्त. इथे यायला ते आत तयार होत होते, म्हणून आज तुम्ही जाताना त्यांना दिसला नाहीत. मग निघताना म्हणाले, कोणी येत नाही तिथे, तू मला फसवतेस.'

नवऱ्याला थांबायला सांगून मी तिच्या मागोमाग गेले. रस्त्याला लागून घर होतं, पुढे क्रूस, बाजूला मोगऱ्याचे वाफे. शेकडो वेळा मी त्या घरावरून गेले होते. व्हरांड्यात खुर्चीवर एक आजोबा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. त्यांना मी पाहिलेलं होतं, पण जसं आपण विजेचा खांब पाहतो तसं.

व्हरांड्याच्या पायरीपाशीच सुनेने मला सगळं सांगितलं. सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभी हयात सायकलला शिडी बांधून या पट्ट्यातला खांब न् खांब फिरले. गेल्या वर्षापासून थोडं विसरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज डोळ्यांना दिसतं ते लिहून ठेवायला लावा. म्हणून ते कॅलेंडरवर लिहायचे. दूधवाला उशिरा. पाव आला नाही. आणि दर रविवारी, सायकलवाली बाई गेली, अमुक वाजता. एकदा माझ्या लेखात त्यांच्या क्रुसाचा फोटो आला आणि सुनेला ब्लॉग सापडला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी ती त्यांना लेख वाचून दाखवायची. कॅलेंडर आणि ब्लॉग जुळले की म्हातारा खूश.

'मग एका रविवारी पप्पा म्हणाले, आज आली नाही. आणि संध्याकाळी तुमचा लेख आला, निर्मळला जाऊन आले म्हणून. मी म्हटलं, पप्पा, तुमचा डोळा लागला असेल. पुढच्या रविवारी परत तेच. ते म्हणायचे, मी जागचा हललो नाही. मग माझे मिस्टर घाबरले. यांनी गॅसजवळ जायचं नाही, एकट्याने चर्चला जायचं नाही, असं सगळं सुरू झालं. मला वाटायचं, पप्पा खोटं नाही बोलत. म्हणून मी तुम्हाला विचारायची, वेळ बदलली का, सायकल बदलली का. तुम्ही लिहायच्या, हो, नक्की.'

ती थांबली. 'आता तोंडावर सांगा. येत होतात?'

खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. तिच्या हातात काहीच पुरावा नव्हता, आणि मी शिक्षिका. आतून तिचा नवरा येऊन दारात उभा राहिला होता. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होते, विश्वास नसलेल्या नजरेने.

'नव्हते येत,' मी म्हटलं. 'पडले होते, मग भीती बसली. घरी बसून लिहीत होते.'

मग आजोबा सुनेला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. मला अर्धंच कळलं, पण ती आत गेली आणि कॅलेंडर घेऊन आली. रविवारांच्या चौकटींत बारीक, वाकडं अक्षर. 'सायकलवाली बाई आली नाही.' त्याच्या पुढच्या रविवारी तेच. शेवटच्या काही चौकटी कोऱ्या होत्या. त्यांनी लिहिणं सोडलं होतं.

आजोबांनी काठीचं टोक पहिल्या चौकटीवर ठेवलं. 'हा?'

'नाही आले.'

'हा?'

'नाही.'

एकेक रविवार त्यांनी मला विचारला, आणि प्रत्येक 'नाही'ला ते मुलाकडे बघायचे. मुलाची मान खाली गेली होती. मग एका चौकटीवर काठी थांबली. तिथे लिहिलं होतं, 'सायकलवाली बाई गेली, ६.५०.'

'हा तर आली होती,' ते खुशीत म्हणाले.

तो रविवार मला स्पष्ट आठवत होता. त्या दिवशी मी तलावावरसुद्धा गेले नव्हते. ताप होता, अंथरुणात पडून लिहिलं होतं. सून माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं, की मी थांबले आहे. एक 'हो' म्हटलं असतं तर म्हातारा सगळ्या घरासमोर पूर्ण बरोबर ठरला असता. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण माझ्या 'हो'नेच तर इथवर आणलं होतं.

'नाही आजोबा. त्या दिवशीही नाही.'

त्यांनी काठीचं टोक त्या चौकटीवरून उचललं नाही. 'निळी सायकल होती,' ते म्हणाले. 'बाई होती.'

'दुसरी कोणी असेल पप्पा,' सून पटकन म्हणाली. 'किती जण जातात.'

'असेल,' ते म्हणाले. पण पुन्हा चौकटीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, 'पुढच्या रविवारी आलात तर घंटी वाजवा. मी बघितलं का नाही, ते तुम्हाला पण कळू दे.'

परतताना नवऱ्याला आगाशीच्या बाजारात, रसवंतीच्या बाकावर सगळं सांगितलं. टँकर, तलाव, चौदा रविवार, त्याचा फोन उघडला तेसुद्धा. फोनचा विषय त्याने सोडून दिला. टँकरवर बोलला. 'मला सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो, एवढंच ना?' मग रस संपवून म्हणाला, 'आता तू काही सांगितलंस की मला दोनदा विचारावं लागणार.' ते त्याने खरं केलं. अजूनही तो मध्येच विचारतो, 'खरंच गेली होतीस?' मला राग येतो, पण मी उत्तर देते.

वाढदिवसाचा लेख मी त्याच संध्याकाळी लिहिला. चौदा लेख काढून टाकले नाहीत. प्रत्येकाच्या वर एक ओळ घातली, की ही फेरी झालेली नाही. नालासोपाऱ्याच्या तरुणाने लिहिलं, 'मॅडम, तो पानवेलीचा मांडव शोधायला मी दोनदा गेलो होतो.' त्यानंतर त्याची प्रतिक्रिया कधी आली नाही. मी माफी मागून दोनदा लिहिलं, तेही तसंच पडून आहे. सर स्टाफरूममध्ये टोमणे मारायचे थांबले, आणि ते मला जास्त लागलं.

आजोबांना त्यांचा मुलगा पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, विसरणं आहे, वयाचं आहे, तुम्ही समजत होतात तितकं नाही, पण लक्ष ठेवा. आजोबांना चर्चला एकट्याने जायची परवानगी परत मिळाली. चर्च घरापासून दोन गल्ल्यांवर.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मला घरून निघायला उशीर झाला होता. नेहमीसारखी घंटी वाजवायला त्यांच्या घराजवळ पोचले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि आजोबा रस्त्याच्या कडेने काठी टेकत, पांढऱ्या शर्टात, साडेआठच्या प्रार्थनेला, मिस्साला निघाले होते. त्यांच्या मागे वीसएक पावलांवर सून, डोक्यावरून ओढणी घेतलेली, केळीच्या कुंपणाला चिकटून. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. मी सायकलवरून उतरले. वळणापाशी ते थांबले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. एक टेम्पो आला, तो जाऊ दिला. मग त्यांनी रस्ता ओलांडला. सून तिथेच उभी राहिली, आणि ते चर्चच्या फाटकातून आत जाईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.